दस्तगीरमामांचा शिक्का

“गाडी काय करणार?” दस्तगीरमामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी आकड्यांचा कागद त्यांच्या नाकासमोर धरून उभा होतो आणि ते कागदाला हात लावायला तयार नव्हते. ग्राइंडिंग मशीन नुकतंच बंद केलं होतं. त्याचा दगड अजून आपला आपण फिरत होता.

“मामा, सगळं लिहून आणलंय. तुम्ही फक्त बघा आणि घासून द्या.”

“आकडे कुठं पळून जात न्हाईत, बाळ. गाडी काय करणार ते सांग आधी.”

“खाणीतला चढ चढणार. स्पर्धा आहे. मागं दगडांनी भरलेली ट्रॉली जोडायची आणि ओढत वर न्यायची. जो जास्त वर नेईल तो जिंकला.”

“चिखलातनं?”

“चिखलातनंच.”

“म्हणजे पळत सुटायचं काम न्हाई. दमानं ओढायचं.” आता कुठं त्यांनी चष्मा लावला आणि कागद घेतला. वाचता वाचता भुवया वर गेल्या. “ह्ये कुणी सांगितलं तुला?”

“अमेरिकेच्या मासिकात आलंय.”

“आलं आसंल. पण ह्ये पळणाऱ्या मोटारीचं हाय. सपाट रस्ता, हलकी गाडी, इंजिन मिनटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर बोंबलतंय, त्याचं. तुझा ट्रक दीड हजारावर चिखलात उभा ऱ्हाणार. तिथं ह्येचा काय उपेग?”

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ‘मगदूम इंजिन वर्क्स’ ही पाटी लावून मला चार महिने झाले होते. मी श्रीपाल मगदूम, वय सत्तावीस, खिशात डिप्लोमा आणि डोक्यात नको तेवढी हवा. रणजित शिर्के माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक उचलला होता, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा. त्यावर मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेला सुपरचार्जर त्यानं माझ्याकडून बसवून घेतला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि आत जबरदस्तीनं जास्तीची हवा कोंबणारा पंप. आमच्याकडं सगळे त्याला ब्लोअरच म्हणायचे. आता राहिलं होतं कॅमशाफ्ट. इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे ज्याच्या उंचवट्यांवर ठरतं तो दांडा. ते निवडायचं काम माझं होतं.

आणि शाफ्ट घासायचं म्हटलं की उद्यमनगरात एकच नाव, दस्तगीर शिकलगार. त्यांच्या आज्या-पणज्यांनी विळ्या-तलवारींना धार लावली, यांनी कॅमशाफ्टं घासली. काम मनासारखं उतरलं की मामा शाफ्टच्या टोकावर ‘द’ अक्षराचा शिक्का मारायचे. शिक्क्याचा पंच त्यांनी स्वतः जुन्या कानशीपासून घडवलेला. तो ‘द’ दिसला की सांगली-साताऱ्याचे मेकॅनिक मोजमाप न घेता शाफ्ट बसवत. मनासारखं नसलं तर शिक्का नाही, मग गिऱ्हाईक कितीही तालेवार असो. चाळीस वर्षं घासून त्यांनी काय कमावलं असेल तर तो ‘द’. बाकी दुकान पत्र्याचं आणि सायकल सेकंडहँड.

“इकडं ये,” मामा म्हणाले. त्यांनी टेबलफॅन दुकानाच्या पुढच्या दारात ठेवला, आत तोंड करून. मागचं दार बंद केलं. “आता वारा कुठं जातोय?”

“आतच राहतोय.”

त्यांनी मागचं दार उघडलं. माझ्या हातातला कागद फडफडायला लागला, बाकावरची जुनी वर्तमानपत्रं मागच्या बोळात निघाली.

“आता?”

मी फडफडणारा कागद दोन्ही हातांनी धरला.

“फॅन म्हंजे तुझा ब्लोअर. पुढलं दार हवा आत यायचा व्हॉल्व्ह, मागलं दार धूर जायचा. तुझ्या कागदावर दोन्ही दारं लई वेळ एकदम उघडी हायत. ब्लोअर नसता तर येकवेळ चाललं असतं. आता तू जीव खाऊन हवा दाबणार आणि ती तशीच सायलेन्सरातनं भाईर. मी सांगतो तसं घे. व्हॉल्व्ह कमी वेळ उघडू, दोन्हीतलं अंतर वाढवू, म्हंजे दोन्ही दारं एकदम उघडी ऱ्हाणार न्हाईत. आवाज साधा येईल, पण खालनं ओढंल बघ कसा.”

त्यांना कळलं नाही, पण ‘आवाज साधा येईल’ इथंच माझं डोकं फिरलं. कारण सगळी भानगड आवाजाचीच होती. रणजितच्या अमेरिकेतल्या चुलतभावानं एक व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. तिच्यातली गाडी जागेवर उभी असताना लंगडत धडधडायची, आता बंद पडेल की मग पडेल अशी. ती कॅसेट आम्ही वीस वेळा बघितली होती, आणि तसला आवाज माझ्या कागदावरच्या आकड्यांतूनच निघणार होता. रणजित म्हणाला होता, “शिऱ्या, असला आवाज कोल्हापुरात काढलास तर तुला मानलं!” आणि मी चहाच्या टपरीवर दहा जणांसमोर छाती ठोकून सांगून बसलो होतो की काढतो.

“मामा,” मी म्हणालो, “तुम्ही आजपर्यंत ब्लोअरवाली इंजिनं किती केलीत?”

“येकबी न्हाई.”

“मग झालं की!”

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत, हे जास्त लागतंय आता. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला उत्तर सुचत नाही.

“ठीक हाय. तू म्हणशील तसं घासून देतो,” ते म्हणाले. “पण माझा शिक्का मारणार न्हाई.”

“नका मारू,” मी म्हणालो. “शिक्क्यानं काय इंजिन चालतंय का?”

शाफ्ट आठ दिवसांत तयार झालं. एवढं सुंदर घासलेलं शाफ्ट मी तोवर बघितलं नव्हतं. न पटलेल्या कामातही म्हाताऱ्यानं कसूर केली नव्हती. फक्त टोक कोरं होतं.

ते घेऊन गॅरेजवर आलो तर रणजितचा फोन. “शाफ्ट आलं का? परवा फोटोवाल्याला घेऊन येतो. बसवायच्या आधी ‘द’चा फोटो काढायचाय, आमच्या गाड्यांच्या क्लबात लावायला.”

“अरे, शिक्का काय बघायचा त्यात?”

“का? मारला नाही का मामांनी?”

“मारलाय की,” मी म्हणालो.

निघून गेलं तोंडातून. पण पुढचं तोंडातून निघून गेलेलं नाही, ते मी हातानं केलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, उद्यमनगराची सुट्टी. भर दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं, ड्रिलचा एक मोडका बिट घेतला आणि त्याच्या टोकावर उलटा ‘द’ कोरायला बसलो. पहिला बिघडला. दुसरा घेतला. शिशाच्या तुकड्यावर ठसा मारून बघितला, गाठ नीट उमटेना म्हणून परत घासला. दोन तास लागले मला. रागाच्या भरात केलं म्हणावं तर तशी सोय नाही, दोन तास राग टिकत नाही. मग शाफ्ट कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरलं आणि हातोड्याचा एक घाव घातला. बघितलं, तर डिट्टो. मला बरं वाटलं, काय सांगू! आपला हात किती सफाईचा, असंच वाटलं.

रविवारी गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका बंद खाणीत स्पर्धा होती. दोन-अडीच हजार माणूस जमलेलं, चढाच्या दोन्ही अंगांना कडेकडेनं उभं. रणजितनं स्टार्टर मारला आणि तो आवाज निघाला. धड... धड-धड... धड. ट्रक जागेवर थरथरायला लागला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी ओरडलं, “नाद न्हाई करायचा शिर्के सायबांचा!” रणजितनं खिडकीतून हात काढून माझ्याकडं बोट दाखवलं, आणि ती सगळी तोंडं माझ्याकडं वळली. त्या दोन मिनिटांसाठी मी ते सगळं केलं होतं. ती मला पुरेपूर मिळाली.

मग त्यानं पहिला गिअर टाकला. ट्रॉलीची साखळी ताणली गेली. ट्रकनं पहिला चढ कसाबसा घेतला आणि चिखलात चाकं रुतताच इंजिनाचा दम गेला. रणजित पाय दाबतोय, ब्लोअर वर किंचाळतोय, सायलेन्सरमधून फटाके फुटताहेत, जाळ निघतोय, आणि चाकात मात्र काही नाही. मामांनी उघडलेलं मागचं दार मला दिसलं. तीस फुटांवर इंजिन बंद पडलं. ट्रॉलीनं मागं ओढलं, ट्रक तिरका होऊन घसरत खाली आला आणि कडेची माणसं जीव घेऊन पळाली. नशीब, कुणी सापडलं नाही. शेवटी गावातला एक ट्रॅक्टर आणून रणजितच्या ट्रकला दोर बांधला. लोकं हसत होती. त्याच्या आधी साधे, बिनब्लोअरचे दोन ट्रक साठ फुटांवर जाऊन आले होते.

“चुकलं काय?” रणजितनं विचारलं. चेहरा लाल झालेला.

“खोलून बघायला लागेल,” मी म्हणालो. काय चुकलं ते मला माहीत होतं.

मंगळवारी इंजिन खोललं. शाफ्ट बाहेर काढून रणजितनं डायल लावून मोजायला सांगितलं. त्याला तेवढं कळायचं. व्हॉल्व्ह किती वेळ एकदम उघडे राहतात ते बघून तो म्हणाला, “हे एवढं? ब्लोअरला एवढं? हे कुणी ठरवलं?”

“मी...” मी सुरुवात केली, आणि त्याचं लक्ष टोकाच्या शिक्क्यावर गेलं.

“मामांनी?”

इथं मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे खोटं बोललो नाही, असं मी पुढं चार वर्षं स्वतःला समजावत होतो.

रणजितनं शाफ्ट खांद्यावर टाकलं आणि तरातरा निघाला. मागं त्याचे क्लबातले दोन दोस्त, त्यांच्या मागं मी. मामांच्या दुकानात शेजारचे फौंड्रीवाले जाधव आणि टपरीवाला सर्जेराव असे दोघं चहा पीत बसले होते. रणजितनं शाफ्ट बाकावर आदळलं.

“मामा, हे काय करून ठेवलं तुम्ही? माणसं मरता मरता वाचली!”

“काय झालं?”

“सगळं प्रेशर सायलेन्सरातनं गेलं. ब्लोअरच्या इंजिनाला असलं शाफ्ट कोण घासतंय? कळत नव्हतं तर नाही म्हणायचं! शिक्का मारून द्यायला तुला लाज वाटली नाही?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं हे त्याच्याही लक्षात आलं नसेल. वडिलांच्या वयाचा माणूस तो. जाधवांनी कप खाली ठेवला.

“शिक्का?” मामा म्हणाले.

त्यांनी शाफ्ट उचललं, टोक धोतराच्या सोग्याला पुसलं, दारातल्या उजेडाला नेलं. चष्मा वर करून, डोळ्याजवळ धरून, सावकाश बघितलं. अंगठा फिरवला त्यावर. स्वतःचं अक्षर माणसाला कळत नाही का? आता मामा माझी सालटी काढणार, मी ठरवूनच टाकलं. आणि खरं सांगतो, काढली असती तर मी सुटलो असतो.

मामा वळले. रणजितकडं नाही, माझ्याकडं.

“श्रीपाल,” ते म्हणाले, “हा शिक्का माझा हाय?”

नेहमी बाळ म्हणायचे. आज नाव घेतलं.

किती सोपं होतं! नाही मामा, मी मारलाय, एवढंच म्हणायचं होतं. रणजितनं चार शिव्या घातल्या असत्या, ट्रक दुसरीकडं नेला असता, टपरीवर महिनाभर माझी टर उडाली असती. यापेक्षा जास्त काही होणार नव्हतं. मी पाच तोंडांकडं बघितलं. पाचही माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“हो मामा,” मी म्हणालो. “तुमचाच.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते.

“मग चुकी माझी,” ते रणजितला म्हणाले. “दुसरं करून देतो. पैसं नगं.”

दुसरं शाफ्ट त्यांनी पंधरा दिवसांत दिलं, पहिल्या दिवशी सांगितलं होतं अगदी तसं. कमी वेळ उघडणारं, दोन्ही व्हॉल्व्हमधलं अंतर वाढवलेलं. त्यावरही शिक्का नव्हता. आणायला मी गेलो तर मामांनी ते बाकावर ठेवलं आणि मशीनकडं तोंड फिरवलं. मी “येतो मामा” म्हणालो. त्यांनी मशीन सुरू केलं.

पुढच्या वर्षी त्याच खाणीत रणजितच्या ट्रकनं ट्रॉली शेवटच्या निशाणापर्यंत नेली. आवाज साधाच होता. पण असा ओढत होता की बघणारे त्याच्याबरोबर कडेनं वर पळत गेले. शाफ्टवर शिक्का नसल्यामुळं ते कुणी घासलं हा प्रश्नच आला नाही, आणि या वेळचे आकडे मीच दिले असणार असं रणजितनं धरलं. लोक म्हणाले, “म्हाताऱ्यानं घाण केलेली, शिऱ्यानं निस्तरली.” रणजितनं माझ्या गळ्यात हार घातला आणि मी घालून घेतला. तिथून माझं दुकान जे चाललं ते आजतागायत.

आणि मामांचं? उद्यमनगरात बातमी पसरायला काय लागतंय! दस्तगीरचा हात गेला, नजर गेली, शिक्का मारायचा म्हणून मारतोय. सांगलीवाले आधी थांबले, मग सातारावाले. मामांनी ‘द’ मारणं बंदच केलं. कुणी जुनं गिऱ्हाईक विचारायचं, “मामा, शिक्का?” तर म्हणायचे, “आता कुणीबी मारतंय की शिक्का.” लोकांना वाटायचं, म्हातारा चिडलाय. याचा अर्थ फक्त मला कळायचा.

चार वर्षांनी त्यांनी मशीन विकलं. ते ऐकलं आणि मला राहवेना. यादवनगरात त्यांच्या घरी गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला हिरवी पट्टी. सुनेनं चहा आणून दिला.

“मामा, तो शिक्का मी मारला होता,” मी म्हणालो, आणि मला रडूच आलं.

“ठाऊक हाय की.” आवाजात ना राग ना काही. “तुझ्या ‘द’ची गाठ माझ्यापेक्षा चांगली आलीया, म्या तवाच बघितलं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“म्या इचारलं न्हवं तुला? आनखी कसं इचारायचं?” त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. “आनि म्या न्हाई म्हणलो असतो तर? तू हो म्हणतोस, म्या न्हाई म्हणतो. आपली चुकी दुसऱ्यावर ढकलतोय म्हातारा, म्हणले असते. ते तुझ्याच तोंडनं यायला पायजे हुतं.”

“माफ करा मामा.”

“मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच हाय. त्या दिशी पाच मानसं हुती दुकानात. त्यास्नी सांग.”

“सांगतो मामा. उद्याच सांगतो.”

“चहा घे,” ते म्हणाले. “गार हुतोय.”

उद्याच म्हणालो होतो. तेव्हा रणजितनं खडी-वाळूचे बारा टिपर घेतले होते आणि बाराच्या बारांचं काम माझ्याकडं होतं. आज नको, गणपती होऊ देत. गणपती झाले, दिवाळी होऊ दे. सर्जेराव टपरी विकून गावी गेला आणि तिकडंच वारला. जाधवांना अर्धांगवायू झाला, मग तेही गेले. रणजितच्या दोस्तांपैकी एक कॅनडात गेला, दुसऱ्याचा पत्ताच नाही. दोन हजार नऊ साली मामा गेले. मी मातीला गेलो होतो. त्यांच्या मुलानं मला पुढं बोलावलं, म्हणाला, “अब्बांचे उद्यमनगरातले तुम्हीच तेवढे आलात.” मी पुढं गेलो. जायला नको होतं, पण गेलो.

गेल्या वर्षी माझी बायपास झाली. घरी आल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलो ते रणजितकडं. सकाळची वेळ, तो अंगणात वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी बसलोही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आकडे माझे, हट्ट माझा, शिक्का माझा, आणि ‘हो’ म्हणालो तेही मीच.

रणजितनं ऐकून घेतलं आणि खो-खो हसला. “च्यायला शिऱ्या! म्हणजे पहिल्या वर्षी तू घातलंस होय मला खड्ड्यात? एवढी वर्षं दाबून ठेवलंस?” त्यानं माझ्या पाठीत थाप मारली, मग ऑपरेशनची आठवण होऊन घाईनं मला खुर्चीत बसवलं. “सोड रे. पुढच्या वर्षी जिंकलोच की आपण.”

“तुझं-माझं सोड, रणजित. मामांचं नाव गेलं त्यात.”

“कुणाचं?”

“दस्तगीरमामांचं.”

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मनापासून आठवायला लागला.

“कोण रे दस्तगीर?” तो म्हणाला.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. त्यानं घड्याळ बघितलं.